पूजा संक्षिप्त केली, तर ती उणी ठरते का?

प्रश्न : सासूबाई हयात असेपर्यंत आमच्या देवघरात रोज षोडशोपचार पूजा होत असे. आता ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मात्र माझ्या नोकरीच्या पाळ्या बदलत्या असतात आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचेही सारे मलाच करावे लागते. पूजा घाईघाईत उरकली जाते, कधी राहूनही जाते आणि मग दिवसभर मनाला चुटपुट लागते. समई तेवती ठेवून घराबाहेर पडण्याचीही धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर : आपण ज्याला तडजोड समजत आहात, तिची सोय पूजाविधीतच करून ठेवलेली आहे. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य अशी पंचोपचार पूजा परंपरेनेच सांगितली आहे आणि तेवढेही शक्य नसेल, तर मानसपूजा आहे. षोडशोपचारांतसुद्धा जो उपचार प्रत्यक्ष अर्पण करता येत नाही, त्याच्या जागी 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' असे म्हणून अक्षता वाहतात. सासूबाईंच्या तोंडून हे शब्द आपण कदाचित ऐकलेही असतील. गीतेच्या नवव्या अध्यायातील 26व्या श्लोकात पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्याच वस्तूंचा उल्लेख आहे आणि त्या भक्तीने दिलेल्या असाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

माझ्या मते चुटपुट लागते ती पूजा लहान झाल्यामुळे नव्हे, तर आज किती करायची हे रोज घड्याळाकडे पाहत ठरवावे लागते म्हणून. ते एकदाच ठरवून टाकावे : कामाच्या दिवशी पंचोपचार, सुटीच्या दिवशी सवडीने षोडशोपचार आणि ज्या दिवशी सासऱ्यांची प्रकृती अधिक बिघडेल त्या दिवशी केवळ नमस्कार व नामस्मरण. एखाद्या दिवशी पूजा राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून ती भरून काढण्याच्या मागे लागू नये. पूजेच्या शेवटी आपण जी क्षमाप्रार्थना म्हणतो, तिच्यात 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं' अशी स्वतःच्या उणिवांची कबुली असते. ती रोज म्हणायची आणि तरीही मनाला खात राहायचे, हे मला पटत नाही.

दिव्याविषयीची आपली धास्ती रास्त आहे. अखंड तेवणारा नंदादीप हे स्वतंत्र व्रत आहे, नित्यपूजेची ती अट नाही. समईऐवजी निरांजनात तुपात भिजवलेली एक लहान फुलवात लावावी. ती थोड्याच वेळात आपोआप शांत होते, आणि तोवर आपण देवापुढेच बसलेल्या असता. दिवसभर विजेचा दिवा लावून ठेवण्यापेक्षा मला हे अधिक मोलाचे वाटते.

सासऱ्यांची सेवा पूजेच्या आड येते, असेही मानू नये. त्यांना झेपत असेल, तर देवाला वाहायची फुले आधी त्यांच्या हाती द्यावीत आणि स्तोत्र त्यांच्या खाटेशी बसून म्हणावे. आठवेल तेवढे तेही बरोबर म्हणतील.