कुंकू आणि शेंदूर एकच का? आणि कुंकू लग्न झालेल्या बायकांनीच लावायचं असतं का?

तुम्ही खरं तर तीन गोष्टी विचारल्या आहेत. वरच्या दोन, आणि शेवटी सहज जोडलेली तिसरी: बाजारातलं कुंकू लावलं की कपाळाला खाज का सुटते?

पहिलीचं उत्तर सोपं. एकच नाही. शेंदूर म्हणजे शिशापासून केलेला नारिंगी-तांबडा रंग. तो तेलात कालवून मारुतीला, गणपतीला, शेताच्या बांधावरच्या दगडाला फासतात. उत्तरेकडे बायका भांगात भरतात तो सिंदूर पूर्वी याच जातीचा किंवा पाऱ्याच्या हिंगुळाचा असे. दोन्ही विषारी, तोंडात जाऊ न देण्याच्या वस्तू. कुंकू मात्र मुळात हळदीचं.

हळद लाल कशी होते हे तुम्ही नक्की पाहिलंय. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो ना, तेच. क्षार लागला की हळदीचा रंग पालटतो. म्हणून हळदीत चुना कालवला की घरच्या घरी कुंकू तयार. दुसरी रीत टाकणखार (म्हणजे बोरॅक्स) आणि लिंबाच्या रसाची. त्यात हळकुंडं मुरवायची, सावलीत वाळवायची आणि कुटायची. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं.

नावाची गंमत वेगळीच. संस्कृतात कुङ्कुम म्हणजे केशर. अमरकोशात त्याचं एक नाव ‘काश्मीरजन्म’ असं दिलंय. म्हणजे जुन्या काव्यात कुणी अंगाला कुंकुम लावलं असेल तर ते आपलं कुंकू नव्हे. केशर सगळ्यांना कुठून परवडणार? हळदीने त्याचा रंगही घेतला आणि नावही.

आता दुसरा प्रश्न. खरी गुंतागुंत इथे आहे.

आपल्याकडे देव रंगावरूनही ओळखता येतो. विठोबाला बुक्का, खंडोबाला भंडारा, जोतिबाला गुलाल आणि देवीला कुंकू. (अपवाद आहेतच. वणीची सप्तशृंगी देवी असूनही शेंदराची. २०२२ मध्ये तिच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरवले, तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं.) देवीची नावं घेत एकेक चिमूट कुंकू वाहायचं, हे कुंकुमार्चन. देवीचा मळवट भरतात तो कुंकवाचाच. म्हणजे कुंकू आधी देवीचं. तिथून ते ज्याचा मान करायचा त्याच्या कपाळी येतं, मग तो भाऊबिजेला ओवाळून घेणारा भाऊ असो, नवरदेव असो, नाहीतर दसऱ्याला पुजलेली मोटारसायकल असो. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला बोट लावतात, अक्षता रंगवतात, ओटी भरताना आधी हळद आणि मग कुंकू लावतात. यातलं काहीही नवऱ्याशी बांधलेलं नाही.

आणि महाराष्ट्रात मुलींना कुंकू लहानपणापासूनच लावतात. घरी आलेली सवाष्ण असो की पाच वर्षांची पोर, निघताना ‘थांब, कुंकू लावते’ म्हटल्याशिवाय तिला सोडत नसत. उत्तरेत भांगातला सिंदूर लग्नातच पहिल्यांदा भरतात, आपल्याकडे कुंकवाचं तसं नाही. लग्नाने नवीन येतं ते मंगळसूत्र आणि जोडवी.

तरीही भाषेत मात्र कुंकू म्हणजे नवरा होऊन बसलाय. कुंकवाचा धनी, कुंकू बळकट आहे म्हणून वाचला, वगैरे. करंडा हातातून पडला तर ‘सांडला’ म्हणायचं नाही, ‘वाढला’ म्हणायचं, इतकी धास्ती. माझ्या आजीचं कुंकू मेणावरचं. आधी मेणाचं बोट, त्यावर भोकाचा जुना पैसा ठेवायचा आणि भोकातून पिंजर दाबायची. पैसा उचलला की कोरल्यासारखा गोल. तो पैसा आजोबा गेल्या दिवसापासून फणेरपेटीत पडून राहिला. जे लग्नाने दिलंच नव्हतं ते नवरा गेल्यावर काढून का घ्यायचं, याचं पटेल असं उत्तर मला घरात कुणी दिलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात तिळगूळ वळत बसायची, बाहेर यायची नाही. ‘चालत नाही’ एवढंच ऐकू यायचं.

हे बदलतंय, पण सावकाश. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठरावाने एका रात्रीत मनं बदलत नाहीत, पण ज्या बाईला कुंकू लावायचंय तिच्या हातात निदान एक कागद आला.

तेव्हा लग्न झालेलं नाही म्हणून कुंकू लावू नये असं काही नाही. झालंय म्हणून लावलंच पाहिजे असंही मी म्हणणार नाही. आणि कुंकवाने रक्तदाब ताब्यात राहतो, मेंदूला ऊर्जा मिळते, असे जे मेसेज फिरतात त्यांच्या नादी लागू नका. देवीचा मान म्हणून लावता येतं, आवडतं म्हणूनही लावता येतं.

राहिली खाज. बाजारातली बरीच ‘कुंकवं’ म्हणजे पिठूळ भुकटी आणि कृत्रिम रंग. चुन्याच्या खऱ्या कुंकवावर लिंबू पिळलं तर ते परत पिवळं पडतं, रंगाची भुकटी लालच राहते. टाकणखाराच्या कुंकवाला मात्र ही परीक्षा लागू नाही, ते खरं असूनही लाल राहील. टिकली लावत असाल तर तिच्याही गोंदाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसं काही दिसलं तर घरगुती लेप लावत न बसता ती टिकली बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. घरी कुंकू करणार असाल तर चुना अगदी कणभर घ्या. जास्त झाला तर तोच कपाळाला झोंबतो.