पाच महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली का?

ताई, तुमचे वय 47 असून पाच महिने पाळी आलेली नाही, तरीही डॉक्टर ‘अजून रजोनिवृत्ती झालेली नाही’ असे सांगतात. तेव्हा हा शब्द नेमका कशाला लावायचा, असे तुम्ही विचारले आहे. खानापूर तालुक्यात परिचारिका म्हणून नोकरी करताना हा प्रश्न मी अनेक बायकांकडून ऐकला आहे. डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. गर्भारपण, औषधे किंवा दुसरा आजार असे कारण नसताना सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणता येते. मध्ये एकदा जरी पाळी आली, तरी महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

अंडाशयातील स्त्रीबीजे संपत आली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक काही वर्षे कमी-जास्त होत अखेर उतरते, आणि त्या काळात पाळी लांबणे, एकाएकी अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने झोप मोडणे, चिडचिड होणे असा त्रास होऊ शकतो. तुम्ही बहुधा याच टप्प्यात आहात. या टप्प्यात दिवस जाऊ शकतात, म्हणून ती तपासणी आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यावी.

निपाणीपासून खानापूरपर्यंत ‘पिशवी काढली, पाळी गेली’ असे बायका सहज सांगतात. गर्भपिशवी काढल्यावर रक्तस्राव थांबतो हे खरे. परंतु अंडाशये जागेवर असतील तर संप्रेरके तयार होत राहतात, आणि दोन्ही अंडाशये काढली तर मात्र तिशीतल्या बाईलाही लगेच रजोनिवृत्ती येते व तिची हाडे लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, हे प्रत्येकीने डॉक्टरांकडून मराठीत समजावून घेतलेच पाहिजे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. 12 महिने उलटल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले, तर ‘पाळी परत आली’ असे समजून दुखणे अंगावर काढू नका. त्याचे कारण पुष्कळदा साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही अनेकदा असाच प्रथम दिसतो आणि लवकर कळल्यास बरा होऊ शकतो. एक डाग दिसला तरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात त्याच आठवड्यात तपासून घ्या, आणि जाताना शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या.