सिगारेटने डोकं शांत होतं, मग बीपी कसा वाढेल?

‘सिगारेट सोडली तर टेन्शन येईल आणि टेन्शनने बीपी वाढेल. त्यापेक्षा दिवसाला आठ-दहा चालू राहिल्या तर काय बिघडलं?’ माझ्याकडे व्यसनमुक्तीसाठी येणारे बरेच जण असं विचारतात. पंचेचाळिशीतले हे गृहस्थ मात्र पुराव्यानिशी आले होते. दवाखान्यात मोजलेला बीपी नॉर्मल, शिवाय ‘धुराचा त्रास होऊ नये’ म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वाद घालण्यात अर्थ नव्हता. घरी बीपीचं मशीन होतंच. म्हटलं, सिगारेटच्या आधी पाच मिनिटं शांत बसून मोजा, ओढून झाल्यावर लगेच पुन्हा मोजा. पुढच्या भेटीला ते आकडे लिहून घेऊन आले. आधी १२८/८२, नंतर १३८/८८. नाडी ७४ वरून ८८.

‘पण मला तर बरं वाटत होतं हो!’

बरं वाटलं हे खरंच. निकोटीन शरीरात गेलं की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आकसतात. मग साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि मेंदू कुरकुरायला लागतो: चिडचिड, अस्वस्थता. पुढची सिगारेट ती अस्वस्थता मिटवते. म्हणजे मागच्या सिगारेटने लावलेली कळ पुढची थांबवते, आणि आपण म्हणतो टेन्शन गेलं. दवाखान्यात तासभर नंबरची वाट पाहताना ते सिगारेट ओढत नसत, त्यामुळे तिथला आकडा चांगला येई. दिवसभरातल्या चढांची त्यात नोंदच नव्हती.

गोळ्यांचं प्रकरण जास्त नाजूक. धुराच्या प्रत्येक झुरक्यात असंख्य फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, असतात. त्यांना आवरण्यात शरीरातलं क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथिओन ही अँटिऑक्सिडंट्स, म्हणजे अशा रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्यं, खर्ची पडतात. अमेरिकेत तर धूम्रपान करणाऱ्यांना रोज ३५ मिलिग्रॅम जादा क जीवनसत्त्व घ्यायला सांगतात. याचा बीपीशीही संबंध आहे. रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड याच रॅडिकल्समुळे नष्ट होतं. मग गोळीने भरपाई करावी, असं कुणालाही वाटेल. पण फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, आणि बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. या गृहस्थांच्या गोळ्यांच्या बाटलीवरचा मजकूर वाचला, तर त्यात बीटा-कॅरोटिन होतं. ती गोळी त्यांनी त्या दिवसापासून बंद केली.

नेमका प्रश्न त्यांच्या पत्नीने विचारला. ‘निकोटीनच वाईट, तर तुम्ही निकोटीनचंच च्युइंगम का देता?’ च्युइंगममधलं निकोटीन हळूहळू रक्तात उतरतं, झुरक्यासारखं काही सेकंदांत मेंदूवर आदळत नाही. धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. यांना तसं काही नव्हतं.

सिगारेट सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात या गृहस्थांचा घाबरून फोन आला. ऑफिसात भांडण झालं, वरचा बीपी १४४. एका आकड्यावर काही ठरवू नका म्हटलं, रोज एकाच वेळी मोजून लिहा. सिगारेट सुटल्यावर वजन थोडं वाढतं आणि त्यानेही बीपी वर जाऊ शकतो, म्हणून चालणं आत्ताच सुरू करायला सांगितलं. महिनाभराच्या नोंदी घेऊन ते डॉक्टरांकडे जाणार आहेत. बीपीची गोळी लागेल की नाही, ते डॉक्टर सांगतील.