दोन्ही बहार एकाच वर्षी

"बाहेर पडलो नाही तर नजर बोथट होते आणि बाहेर पडलो तर घर दुरावते, मग करायचे काय?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी चित्रकार येतात, नाटकात काम करणारे येतात, क्वचित एखादा लेखक येतो, परंतु छायाचित्रकारांच्या तोंडी तो सर्वांत तीव्र होऊन येतो, कारण त्यांच्या कलेला जागेवर प्रत्यक्ष हजर राहावेच लागते. न पाहिलेल्या वाळवंटाविषयी लिहिता येईल, पण त्याचे छायाचित्र काढता येणार नाही. म्हणूनच 'घरच्यांना वेळ द्या, सगळे ठीक होईल' हे उत्तर मला अपुरे वाटते. नागपुरातील एका छायाचित्रकाराबरोबर केलेल्या कामाविषयी, त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने, येथे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाळिशीतले. लग्नसराईतील छायाचित्रण हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय, तर जंगल आणि डोंगर हे त्यांच्या शब्दांत 'माझे स्वतःचे काम'. पत्नी शिक्षिका, मुलगी सातवीत, आणि वडील काटोलकडे संत्र्याची बाग सांभाळतात. मृग लागला होता पण नागपूरचा उकाडा हटला नव्हता, अशा दिवसांत ते आले. पुढच्याच महिन्यात स्पितीला जायचे ठरलेले होते आणि जाण्याची इच्छा मात्र उरली नव्हती.

"मॅडम, मी तेच ते करून राहिलो," ते म्हणाले. "कॅमेरा उचलायच्या आधीच मला माहीत असते की फोटो कसा येणार." ताडोबाच्या मोहर्ली गेटमधून आत गेल्यावर वाघ रस्त्यावर येतो, जिप्सींची रांग थांबते, सगळ्या लांब लेन्स एकाच बाजूने एकाच उंचीवरून त्याच्याकडे वळतात, आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या कार्डात जवळपास एकच छायाचित्र असते, हे त्यांनी फार बारकाईने सांगितले. पहिला वाघ पाहिला तेव्हा हात थरथरल्यामुळे सगळे फोटो हलले होते, आणि आता हात अगदी स्थिर असतात, याचेच त्यांना वाईट वाटत होते. कारणही त्यांनी शोधून ठेवले होते. मुलीची परीक्षा, बागेची कामे, नातेवाइकांकडची कार्ये यांतून सुटका असती तर नजर ताजी राहिली असती, असे त्यांना मनापासून वाटत होते.

पहिल्या भेटीत माणूस जे कारण सोबत घेऊन येतो, ते मी आदराने ऐकते, पण लगेच स्वीकारत नाही. कलेविषयी बोलण्याआधी काही साध्या गोष्टी विचारणे आवश्यक असते. झोप कशी लागते, जेवण जाते का, पूर्वी आवडणाऱ्या इतर गोष्टींत मन रमते का, जगणे नकोसे वाटते का? मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे ही अवस्था दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकली, तर ते नैराश्य असू शकते आणि अशा व्यक्तीला मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. 'कलाकार म्हटला की असे व्हायचेच' असे म्हणून हे टाळणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. या गृहस्थांचे तसे नव्हते. मुलीबरोबर गच्चीवर बॅडमिंटन खेळताना ते रमत होते, मित्रांत हसत होते. कॅमेरा हातात आला किंवा एडिटिंगला बसले की मात्र अंगातले त्राण जात होते.

कामातून येणाऱ्या अशा ग्लानीला बर्नआउट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तिच्याविषयी लिहिले, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात तिची व्याख्या दिली. मात्र तिला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. तिची लक्षणे तीन. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून आता चांगले काही होत नाही असे वाटत राहणे. तिन्ही लक्षणे त्यांच्यात होती. लग्नांच्या कामाने थकवा येणार हे त्यांनाही मान्य होते, परंतु विश्रांती म्हणून ज्या प्रवासांकडे ते पाहत होते, त्या प्रवासांतही तीच लक्षणे का दिसावीत, हे त्यांना उमगत नव्हते.

मी त्यांना संपूर्ण वर्ष कागदावर मांडायला सांगितले. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते आणि मध्ये थोडी उसंत देत जूनपर्यंत चालते. त्यातच एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाघ पाणवठ्यावर येतात म्हणून ताडोबा आणि पेंच. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचे गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते आणि चातुर्मासात मुहूर्तही नसतात; वर्षातली हीच काय ती मोकळी जागा. ती त्यांनी लडाख आणि स्पितीने भरून टाकली होती, कारण हिमालयापलीकडच्या त्या प्रदेशात त्या दिवसांत पाऊस नाममात्र असतो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा जंगल उघडते. कागदावर एकही कोरा रकाना राहिला नाही, आणि तो कागद ते बराच वेळ पाहत राहिले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. 'स्वतःच्या कामा'तील छायाचित्रेही त्याच रात्री मोबाइलवरून लोकांपुढे जात होती, किती जणांना आवडली ते पाहिल्याशिवाय झोप येत नव्हती, आणि कोणत्या स्पर्धेत कोणत्या प्रकारचे छायाचित्र चालते याचा हिशेब जंगलात असतानाच मनात सुरू होत होता. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतील काहींना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगून ते दिले गेले. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले चित्रांकडे कमी वळली. बक्षीस अनपेक्षितपणे मिळालेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. बक्षीस वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. जे आपण आवडीने करत होतो, ते बक्षिसावर डोळा ठेवून करू लागलो की आवडीचे काय होते, एवढेच त्यातून दिसते. त्यांचे स्वतःचे काम ही त्यांची दुसरी नोकरी झाली होती, आणि या नोकरीला सुट्टी नव्हती.

आता घराकडे येते. पत्नीला बरोबर आणा, असे मी सुचवले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तक्रारींची यादी ऐकावी लागणार, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हे जातात याचा मला त्रास नाही. हे परत येतात तेव्हाही आलेले नसतात, त्याचा आहे." प्रवासाहून आल्यावर पुढचे चार दिवस संगणकासमोर फोटोंची निवड चालते, जेवणाचे ताट तिथेच जाते, आणि मुलगी दारातून डोकावून परत फिरते. दुसरी गोष्ट त्यांना अधिक लागली होती. सफारीचे बुकिंग आधी होते आणि घरी नंतर कळते. सासरे पडले तेव्हा काटोलला धावपळ त्यांनीच केली होती, आणि शाळा, मुलगी व बाग यांत अडकल्यामुळे त्यांचा गाण्याचा क्लास बंद पडला होता. त्या क्लासविषयी कोणी विचारलेही नव्हते. माझ्या अनुभवात अशा जोडप्यांचे भांडण प्रवासावर फार थोडे असते. ते असते ठरवण्याच्या अधिकारावर, आणि कोणाच्या आवडीसाठी घर थांबते व कोणाच्या आवडीसाठी थांबत नाही यावर.

त्यानंतर या गृहस्थांनी स्पितीचा दौरा परस्पर रद्द करून टाकला. पत्नीला आनंद होईल असे त्यांना वाटले होते, त्या चिडल्या. "उद्या म्हणाल, तुझ्यामुळे राहिले. हे ओझे मला नको." मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य वाटले आणि तसे मी सांगितले. न विचारता केलेला त्यागही न विचारता केलेल्या बुकिंगसारखाच असतो. रद्द करण्याचे खरे कारण काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा यासाठी आम्ही एक संपूर्ण बैठक दिली, आणि शेवटी त्यांनी पत्नीला सांगितले की जाण्याची शक्तीच नव्हती, आणि ते कबूल करण्याची लाज वाटत होती म्हणून घराचे नाव पुढे केले.

मोकळ्या झालेल्या जुलैत ते मुलीला घेऊन काटोलला गेले. तिथे बापलेकांत झालेला संवाद त्यांनी मला सांगितला, आणि माझ्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा तो अधिक उपयोगी पडला. संत्र्याला वर्षात दोन मुख्य बहार येऊ शकतात. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतात, मृगासाठी मे महिन्यात. पाने मलूल होतात, झाड वाढ थांबवते, आणि पाणी पुन्हा मिळाले की फुलावर येते. याला 'ताण देणे' म्हणतात. ताण हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस. आणि तो तोडतानाही पहिले पाणी हलके, आंबवणीचे, द्यायचे असते. दोन्ही बहार एकाच वर्षी घेणारा शेतकरी झाड खचवतो, म्हणून जाणता बागायतदार एकच धरतो. मुलाने वर्षाचा तो कागद सहज दाखवला तेव्हा वडील म्हणाले, "झाडाले ताण देल्लाच नाही, त फूल कुठून येईन? तू त दोन्ही बहार घेऊन राहिला."

ताण फार झाला तर झाड वाळते, हेही वडिलांनी सांगितले होते, आणि मी त्या वाक्यावर जोर दिला. कारण अशा वेळी कलाकार दुसऱ्या टोकाला जातात. कॅमेरा कपाटात ठेवतात, विकून टाकायच्या गोष्टी करतात. आम्ही ठरवलेली विश्रांती मोजकी होती. दसऱ्यापर्यंत कोणतेही छायाचित्र कुणाला दाखवायचे नाही, स्पर्धेला पाठवायचे नाही, आणि कॅमेऱ्याला एकच लेन्स लावायची. लेन्सची कल्पना त्यांचीच. 'तुमच्या शिबिरातल्या शिकाऊ मुलांना पहिल्यांदा काय सांगता?' असे मी विचारले, तेव्हा ५० मिलिमीटरची एकच लेन्स वापरायला सांगतो, म्हणजे जवळ जायचे तर पायांनी जावे लागते, असे ते म्हणाले आणि थोडे थांबले.

"पण घरच्या घरी काढायचे काय?" हा त्यांचा आक्षेप होता. त्यांना आवडणाऱ्या छायाचित्रकारांविषयी विचारल्यावर त्यांनीच योसेफ सुडेकचे नाव घेतले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या चेक छायाचित्रकाराने, दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना, आपल्या स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे काढायला सुरुवात केली आणि १९४० पासून १९५४ पर्यंत ती काढत राहिला. काचेवरची वाफ, थेंब, दव, पलीकडचे एक वाकडे झाड. हे उदाहरण देऊन लोकांना 'प्रवासाची गरजच काय' असे ऐकवणे मला मान्य नाही. वाघ खिडकीत येत नाही, आणि जंगल हे या गृहस्थांचे खरे प्रेम आहे. नवी जागा पहिल्या दिवशी जे लक्ष फुकट मिळवून देते, ते ओळखीच्या जागेत स्वतः द्यावे लागते, आणि ते देण्याची सवय मोडली असेल तर नवी जागाही लवकरच जुनी होते, एवढेच मला त्यातून घ्यायचे होते.

बागेत पहिल्या दिवशी त्यांना काहीच 'फोटो' दिसला नाही. संत्र्याच्या खोडांना बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. ते निळसर पांढरे पट्टे त्यांना नेहमी कुरूप वाटत आणि आजवर बागेचे जे थोडे फोटो काढले, त्यांतून त्यांनी खोडे वगळलीच होती. मुलीने आबांना विचारले, झाडांना रंग कशाला दिला? आबा उत्तर देण्याऐवजी उकिडवे बसले, एका खोडाच्या बुंध्याशी आलेला डिंक तिला बोटाने दाखवला, चाकूने ती साल अलगद खरवडली आणि आतला तपकिरी भाग दिसेपर्यंत थांबले. मुलीचा चेहरा खोडापासून वीतभर अंतरावर होता, तिच्या नाकाच्या शेंड्याला पेस्ट लागली होती. एका लेन्सने ते टिपायचे तर या गृहस्थांना चिखलात गुडघे टेकावे लागले. त्यांनी ते छायाचित्र मला दाखवले नाही. नियम दोघांनी मिळून केला होता. फक्त एवढे म्हणाले, की शटर दाबताना फोटो कसा येईल हे माहीत नव्हते.

घरातल्या वाटाघाटींत भावनांपेक्षा तपशील अधिक कामी आला. वर्षाचा कागद आता स्वयंपाकघरात लागला आहे. सफारीचे बुकिंग उघडण्याआधी तारखा दोघांनी मिळून त्यावर लिहायच्या. परत आलेल्या दिवशी कार्डांचा बॅकअप घ्यायचा, कारण तो टाळणे धोक्याचे असते, पण निवडीला बसायचे नाही. मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ पत्नीच्या गाण्याची. त्या वेळी मुलीचा अभ्यास आणि स्वयंपाक यांची जबाबदारी त्यांची. मंगळवार त्यांनी स्वतः सुचवला, त्या दिवशी ताडोबा बंद असते.

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. लग्ने कमी घ्यायची तर उत्पन्न घटणार, आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च वाढतोच आहे; सध्या एक सहकारी जोडून छायाचित्रांची निवड त्याच्याकडे सोपवण्याचा प्रयत्न चालू आहे, पण आपल्या कामावर दुसऱ्याची नजर फिरणे त्यांना जड जाते. दसऱ्यानंतर मोबाइलवर छायाचित्रे टाकायला सुरुवात होताच पहिल्या आठवड्यात जुनी अस्वस्थता परत आली, आणि ती आली हे त्यांनी त्याच संध्याकाळी पत्नीला सांगितले. वडिलांच्या म्हातारपणी बाग कोणी पाहायची, हा विषय तर आम्ही आता कुठे हाती घेतला आहे. पुढच्या भेटीला वडीलही येणार आहेत. डिसेंबरातील जंगलाच्या तारखा कागदावर पडल्या आहेत, त्यांतील एक सफारी मुलीबरोबरची आहे.

असाच प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांनी आपल्या वर्षाचा कागद आधी मांडून पाहावा आणि तो घरच्यांसमोर ठेवावा. मात्र उदासी कामापुरती न राहता झोप, भूक, आवडीनिवडी यांत शिरली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर थांबू नये. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.