लिनक्स कर्नलचे मेमरी एरर मेसेज सुधारायला घेतोयस तर आधी एवढं बघ

अरे मस्त, मेमरी न मिळाल्यावर लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जे मेसेज देतो ते सुधारायचेत म्हणतोस, म्हणजे घणसोलीतून अजून एक जण कर्नलमध्ये हात घालतोय! काम चांगलं निवडलंयस, फक्त नवीन पोरं दिसेल तिथे 'आउट ऑफ मेमरी' छापत सुटतात ते करू नकोस. के-मॅलॉक, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन, फेल झालं की बहुतेक वेळा कर्नल स्वतःच वॉर्निंग आणि स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे आलो त्याची यादी) टाकतो, मग वर तुझी ओळ कशाला, पॅच (पाठवायचा बदल) तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट पण त्यावर ओरडते. असा मेसेज काढून टाकणं हीच कित्येकदा सुधारणा असते.

खरी गंमत पुढे आहे. 'पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४' दिसलं की लोक म्हणतात रॅम संपली, पण ऑर्डर ४ म्हणजे २ चा चौथा घात, तिथे सलग १६ पेजेस (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) मागितलेली असतात, ४ केबीच्या हिशोबाने ६४ केबी. ठाणे-वाशी लोकलमध्ये सुट्या सीट असतात पण चौघांना शेजारी बसायला मिळत नाही ना, तसं. आणि एम-मॅप (प्रोग्रामला मेमरी किंवा फाइल जोडून देणारा कॉल) तर एका प्रोसेसच्या अशा जोडण्यांची, म्हणजे मॅपिंगची लिमिट, कर्नलचा डिफॉल्ट ६५५३०, ओलांडली तरी ईनोमेम, म्हणजे 'मेमरी नाही' हाच एरर कोड देतं, रॅम कितीही मोकळी असो.

- एरर कोडला हात लावू नकोस, युजरस्पेसचे, म्हणजे कर्नलबाहेर चालणारे, प्रोग्राम त्यावर अवलंबून असतात. शब्द बदल.
- मेसेजची स्ट्रिंग दोन ओळींत तोडू नकोस, नंतर ग्रेप करून (कोडमध्ये शब्द शोधून) सापडत नाही.
- फेल्युअर मुद्दाम घडवून बघ. फेलस्लॅब, मेमरीची मागणी मुद्दाम फेल करणारी कर्नलची सोय, त्यासाठीच आहे, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये, रोजच्या लॅपटॉपवर नको रे बाबा.

जीएफपी फ्लॅग्ज (मेमरी कशी मागायची ते सांगणारे) वगैरे आत्ता सोड. एका पॅचमध्ये एकच ड्रायव्हर घे, गेट-मेंटेनर स्क्रिप्टने तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांची नावं काढ आणि त्यांना पाठवून दे, उत्तराला वेळ लागतो, रोज आठवण करत बसू नकोस.