बोलण्यातील बदल टिपू लागताना

आपण रोजच्या मराठीतील बदल टिपायचे ठरवले, हे उत्तम झाले. सुरुवातीलाच वही भरण्याचा मोह मात्र टाळावा आणि अतिवापराने गुळगुळीत झालेला एकच प्रयोग निवडून तो महिनाभर न्याहाळावा. ‘च्या माध्यमातून’ हाच घ्या. ‘शिबिराच्या माध्यमातून तपासणी करण्यात आली’ याऐवजी ‘शिबिरात तपासणी झाली’ एवढे पुरते, तरीही बातमीपासून सत्काराच्या भाषणापर्यंत हा प्रयोग भेटतोच. प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य, बोलणाऱ्याचे साधारण वय, गाव आणि प्रसंग लिहावा. सुट्या शब्दाच्या नोंदीचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

नवशिक्यांच्या हातून दोन चुका हमखास होतात.

१. बदल दिसताच त्याला बिघाड ठरवणे. ‘माझी मदत कर’, ‘खूप सारे’ ही हिंदी वळणाची रचना मलाही खटकते. पण ‘कागद’, ‘जमीन’, ‘हजर’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द आज कोणाला परके वाटतात? नोंद करताना आपली नापसंती वहीच्या समासात ठेवावी.

२. आपल्याला नवा वाटलेला शब्द नवाच आहे, असे गृहीत धरणे. आधी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती उघडावी (तिचे व्यसन लागते, हे सांगून ठेवतो).

व्युत्पत्ती आणि ध्वनिबदल यांच्या वाटेला तूर्त जाऊ नये. या आठवड्यात दहा वाक्ये जमली, तरी पुष्कळ झाले.