आजीचा यूरिन रिपोर्ट आणि पोरीची मायक्रोबायोलॉजी

रामराम दादा, खानापूरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. पोरगी पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेऊन सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, झाली, नीटला मार्क कमी पडले, तुम्ही म्हणताय रिपीट कर आणि ती मायक्रोबायोलॉजीवर, म्हणजे सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासावर, अडून बसलीय, कारण आजीच्या यूरिन कल्चरच्या (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टवर निम्म्या औषधांपुढे रेझिस्टंट, म्हणजे जंतूवर औषध चालत नाही, असं आलं आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. तुम्ही विचारलंय, जंतू बघत बसून पोट भरतं काय?

भरतं की. पण आधी तिचा प्रश्न समजून घ्या, लई मोलाचा आहे. लघवीच्या इन्फेक्शनमधला ई. कोलाय नावाचा जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून आलेला असतो. सर्दीला उगाच अँटिबायोटिक घेतलं तर सर्दीच्या व्हायरसला काहीच होत नाही, मात्र आतड्यातले साधे जंतू मरतात आणि ज्यांच्यावर औषध चालत नाही ते वाढतात. त्यात रेझिस्टन्सचे जीन बऱ्याचदा प्लाझमिडवर असतात, म्हणजे डीएनएचा छोटा गोल तुकडा, आणि तो एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. जपानात 1959 सालीच दिसलं होतं की ई. कोलायकडून हगवणीच्या शिगेलाला एकदम तीन-चार औषधांचा रेझिस्टन्स जातो. म्हणजे पोटातले निरुपद्रवी जंतूपण हे जीन सांभाळून असतात! कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन, म्हणजे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक, द्यायला भारतात 2019 साली बंदी आली ती याच भीतीने.

आता पोटापाण्याचं. नुसत्या बीएस्सीवर पगार कमीच, खोटं सांगत नाही, एमएस्सी धरूनच चला. धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटी, कोल्हापूरला शिवाजी, दोन्हीकडे मायक्रोबायोलॉजी आहे. सीमाभागातल्या मुलांना काय सवलत मिळते ते कोल्हापूरला ऑफिसात आधीच विचारून ठेवा. पुढे डेअरी, फूड टेस्टिंग, गोव्यातल्या फार्मा कंपन्यांची क्यूसी (मालाचा दर्जा तपासणारी) लॅब, आणि रिसर्च करायचा तर सीएसआयआर नेट ही परीक्षा. आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, एक संस्था तर आपल्या बेळगावातच आहे.

हॉस्पिटलात कल्चर रिपोर्टवर सही करणारी डॉक्टर व्हायचं असलं तर एमबीबीएस आणि मग एमडी मायक्रोबायोलॉजी, तिथं नीट लागणारच. यातलं नेमकं काय हवंय ते तिला विचारा, आणि लॅबचं काम तिने एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिपीटच्या क्लासची फी भरू नका.